गरम पाण्याची पिशवी आणि बाराशे ग्रॅम

क्रेनच्या केबिनपर्यंत एकशे अडतीस पायऱ्या आहेत. बंदराच्या कुठल्याही कागदावर हा आकडा नाही. बगळ्याला तो पाठ आहे, कारण एका उन्हाळ्यात तो पाळीगणिक सात-आठ वेळा त्या पायऱ्या उतरला आणि पुन्हा चढला. त्याआधीची एकोणीस वर्षं तो दिवसातून दोनदाच चढायचा. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. क्रेन जुनी, तिला लिफ्ट नाही.

बगळा हे टोपणनाव धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलेलं. माणूस उंच, मान लांब, आणि केबिनच्या काचेच्या फरशीतून खाली बघत तासन् तास न हलता बसणारा. जहाजाच्या पोटातून कंटेनर उचलायचा, धक्क्यावर उभ्या ट्रकवर ठेवायचा, की पुढचा. समोरच्या पडद्यावर हुकाला लटकलेलं वजन आकड्यात दिसतं. एका पाळीत दीडशे कंटेनर हलवणारा चालक चांगला समजला जातो. बगळा एकशे सत्तर हलवायचा आणि त्याबद्दल कधी बोलायचा नाही. बोलायचं काम त्याचा मेहुणा करायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो त्याच क्रेनखाली इशारेवाला. हातात वॉकीटॉकी, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस जेवायला बहिणीकडे.

मार्चमधल्या एका सकाळी धुकं होतं आणि पायऱ्या ओल्या होत्या. धुक्यामुळे काम थांबलं म्हणून बगळा उतरत होता. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या असताना पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू लोखंडी कठड्यावर आपटली. आजूबाजूला मेहुण्याशिवाय कोणी नव्हतं.

“भाऊजी, डोळे उघडा. अहो भाऊजी!”

“उघडेच आहेत.”

“आत्ता उघडलेत. पाच मिनिटं बंद होते. मी फोरमनला सांगतो.”

“सांगितलंस तर उद्यापासून जेवायला यायचं नाही.”

धमकी लागू पडली. बंदरात नियम असा होता की पडझड झाली की नोंद करायची, तीन महिने क्रेनवर पाय ठेवायचा नाही आणि मग बोर्डासमोर उभं राहायचं. बोर्ड म्हणजे दोन डॉक्टर आणि एक अधिकारी. दोन वर्षांपूर्वी एका चालकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आपल्याला कधीकधी गरगरतं. तो अजून फाटकावर पास तपासत होता. बगळ्याने टेंगळावर टोपी चढवली आणि जेवणानंतर पुन्हा वर गेला.

चौथ्या दिवशी तहान लागली.

उन्हाळ्याची तहान त्याला ठाऊक होती. ही तशी नव्हती. पाणी पोटात गेलं तरी तोंडापर्यंत पोचतच नव्हतं, असं तो सांगतो. शिवाय गार पाणीच हवं. कोमट पाण्याने तहान शमायची नाही, वाढायची. घरात बर्फाचे साचे कमी पडायला लागले. दिवसाला दहा-बारा लिटर पाणी आत जायचं आणि तेवढंच बाहेर यायचं, पाण्यासारखंच स्वच्छ, बिनरंगाचं.

बायको बेकरीच्या काउंटरवर काम करायची. माणसांच्या सवयी ओळखणं हा तिच्या धंद्याचा भाग होता, पण या सवयीचा तिला पत्ता लागेना.

“माणूस पाळलाय की उंट?” मेहुणा जेवताना म्हणाला.

“उंट परवडला,” बायको म्हणाली. “तो आठवडाभर साठवून तरी ठेवतो.”

वर केबिनमध्ये संडास नसतो. बगळा पाच लिटरचा भरलेला कॅन घेऊन चढायचा आणि दर पाऊण तासाने खाली यायचा. उतरणं, जाणं, चढणं यात वीस मिनिटं. तेवढा वेळ जहाज थांबून, ट्रकांची रांग थांबून. मग त्याने एक रिकामा कॅनही सोबत न्यायला सुरुवात केली. सकाळी एक भरलेला वर जायचा, संध्याकाळी दुसरा भरलेला खाली यायचा. तरी मधल्या खेपा काही पुरत्या थांबल्या नाहीत. मेहुण्याने एकदा दोन्ही हातात धरून बघितले आणि म्हणाला, “वजन सेम आहे, भाऊजी. तुम्ही मधले नुसते पाइप.”

हे फोरमनच्या कानावर गेलंच. फोरमन बोलायला तिखट, पण मनाने वाईट नव्हता. आधी त्याने घराजवळच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. डॉक्टरांनी साखर तपासली. अगदी उत्तम निघाली. आठवड्याने पुन्हा तपासली, पुन्हा उत्तम.

“साखर नाही?” फोरमन म्हणाला. “मग काय मीठ आहे का? हे बघ, ही क्रेन आहे, नळ नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा, कागद आण, नाहीतर मला वर लिहावं लागेल.”

मोठ्या हॉस्पिटलात ग्रंथींच्या विकारांचा वेगळा विभाग होता. विभागप्रमुख डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज हळू. त्यांचं संशोधन एकाच संप्रेरकावर चाललं होतं. त्याचं नाव व्हॅसोप्रेसिन. त्यांनी बगळ्याला समजावलं, ते त्याला अजून जसंच्या तसं सांगता येतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडांना सांगतं की पाणी धरून ठेवा, सोडू नका. निरोप निघालाच नाही, तर मूत्रपिंड सगळं पाणी सोडून देतात.

“म्हणजे वरून वॉकीटॉकी बंद,” बगळा म्हणाला.

“बरोबर. किंवा वॉकीटॉकी चालू आहे, पण खालचा माणूस बहिरा आहे.”

“ते आमच्याकडे नेहमीचं आहे.”

“किंवा दोघंही ठीक आहेत आणि तुम्हीच सवयीने पाणी पिताय. जास्त प्यायलं की जास्त होणारच. या तिन्हींत फरक करायचा म्हणजे तुमचं पाणी काही तास बंद करून बघावं लागतं.”

आजाराचं नाव त्यांनी डायबेटिस इन्सिपिडस असं सांगितलं आणि लगेच म्हणाल्या की हे नाव आता मागे पडतंय. डायबेटिस म्हटलं की जो तो साखरच तपासत बसतो. आता व्हॅसोप्रेसिनची कमतरता म्हणतात. मग त्यांनी विचारलं, “डोक्याला कधी मार लागला होता?”

“नाही,” बगळा म्हणाला.

चाचणीच्या आठवड्यात बाई परगावी परिषदेला गेल्या होत्या. विभागाच्या खोलीला रंग लावणं चालू होतं, म्हणून बगळ्याला सर्वसाधारण वॉर्डात खाट दिली. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांना पाठदुखी, आणि पाठीला लावायला रबराची गरम पाण्याची पिशवी. चाचणी सोपी होती. सकाळी आठपासून पाणी बंद. दर तासाला वजन करायचं, लघवी मोजायची, रक्त घ्यायचं. वजन ठरावीक मर्यादेपलीकडे उतरलं तर थांबायचं. वजनकाट्यावर एक सिस्टर होत्या. एकतीस वर्षं हेच काम करत असल्यामुळे सगळे त्यांना काटा सिस्टर म्हणत. त्यांनी वॉर्डातल्या नळाच्या तोटीला चिकटपट्टी गुंडाळली, बगळ्याचा पाण्याचा तांब्या उचलून नेला आणि बजावलं, “लपून प्यायचं नाही.” मग त्या इतर खाटांच्या कामाला लागल्या. देखरेखीला एक कनिष्ठ डॉक्टर होता. त्याला साडेबाराला बाह्यरुग्ण विभागात जायचं होतं.

इथे बगळ्याकडून जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या रुग्णाकडून झाली नसती. एकोणीस वर्षं दर वर्षी त्याची तंदुरुस्तीची तपासणी व्हायची. डोळे, कान, रक्तदाब, एका पायावर उभं राहणं. डॉक्टरांनी काही तपासलं की त्यात पास व्हायचं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. ही चाचणीही पास व्हायची असते, अशी त्याची पक्की समजूत झाली. पाणी न पिता जो ताठ बसेल, ज्याचं वजन उतरणार नाही, तो क्रेनवर जाणार. दहा वाजेपर्यंत त्याची जीभ टाळूला चिकटली होती. साडेदहाला मास्तरांना एक्स-रेसाठी चाकाच्या खुर्चीतून नेलं. पिशवी त्यांच्या खाटेवर पडलेली होती.

त्याने बूच फिरवलं. पाणी कोमट होतं आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. पहिल्या दमात अर्धी संपली, दुसऱ्या दमात उरलेली. बूच घट्ट लावलं, पिशवी होती तशी ठेवली आणि ताठ बसून राहिला.

बारा वाजता कनिष्ठ डॉक्टरने कागद बघितला. वजन फारसं उतरलेलं नाही. रक्तातलं सोडियम जागच्या जागी. रुग्ण हसतमुख. त्याने चाचणी तिथेच थांबवली आणि लिहिलं की आजाराचा पुरावा नाही, पाणी पिण्याची सवय असावी, समुपदेशन करावं.

“पास झालो,” बगळ्याने घरी सांगितलं. बायकोने बेकरीतून केक आणला. मेहुण्याने दोन तुकडे खाल्ले.

पाच दिवसांनी बंदराचं पत्र आलं. आजार नसून सवय आहे, असं हॉस्पिटलचं मत असल्याने औषधोपचाराने फरक पडण्याची शक्यता दिसत नाही. वारंवार काम थांबत असल्याने चालकाची कायमची बदली गोदामात करण्याचा विचार आहे. पंधरा दिवसांनी बोर्डासमोर हजर राहावे.

पत्र वाचल्यावर तो बराच वेळ फ्रीजसमोर उभा होता, असं बायको सांगते. दार उघडं, हातात बाटली, आणि पीत नव्हता. गोदामात काम वाईट नसतं. पण एकोणीस वर्षं ज्याने सगळं वरून बघितलं त्याला उरलेली नऊ वर्षं खोक्यांच्या भिंतींमध्ये काढायची होती, आणि तीही पास होऊन.

इकडे हॉस्पिटलात काटा सिस्टरांच्या डोक्यात दुसरीच गोष्ट घोळत होती. चाचणीचे आकडे त्या एका आखलेल्या वहीत स्वतःसाठी उतरवून ठेवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत एकदा आकड्याची चूक झाली होती, तेव्हापासूनची सवय. डाव्या बाजूला शरीरातून बाहेर गेलेलं पाणी, उजव्या बाजूला कमी झालेलं वजन. दोन्ही साधारण जुळायला हवेत. बगळ्याचे जुळेनात. चार तासांत दोन लिटर लघवी झाली होती आणि वजन उतरलं होतं आठशे ग्रॅम. बाराशे ग्रॅमचा हिशेब लागत नव्हता.

त्याच दिवशी मास्तरांची तक्रार आली होती की पिशवी गळते, रिकामी झाली, पाठ गार पडली. सिस्टरांनी तेव्हा चादर चाचपून बघितली होती. ती कोरडी होती. आता त्यांनी ती पिशवी शोधून काढली, भरली आणि खिळ्याला उलटी टांगली. सकाळपर्यंत थेंब पडला नाही. मग त्यातलं पाणी मोजलं. सव्वा लिटरला थोडं कमी.

त्यांनी घरी फोन केला. फोन बायकोने घेतला.

“त्यांना घेऊन या. डॉक्टरबाई परत आल्यात. आणि हो, येताना उपाशी नाही आलात तरी चालेल, पण खरं बोलायच्या तयारीने या.”

विभागाच्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. टेबलावर वजनाचा कागद होता आणि त्याशेजारी रबराची पिशवी. बगळा, बायको आणि मेहुणा तिघं आत आले. डॉक्टरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, पण बोलल्या सिस्टर.

“ही ओळखता?”

बगळ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बरं, दुसरं विचारते. तुम्ही क्रेन चालवता ना? हुकाला रिकामा खोका आहे आणि पडद्यावर तीस टन दिसले, तर काय करता?”

“काम थांबवतो.”

“का?”

“कुठेतरी गडबड आहे म्हणून.”

“मग मीही थांबवलंय. माझ्या कागदावर बाराशे ग्रॅम जास्त दिसतायत. कुठून आले ते सांगा.”

बगळ्याने पिशवीकडे बोट दाखवलं. मेहुण्याला हसू आवरेना. बायकोने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

“अहो, दुसऱ्याच्या पाठीखालचं पाणी?” बायको म्हणाली.

“पास व्हायचं होतं.”

“ही परीक्षा नव्हती,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही यात जितके लवकर बेजार झाला असता, तितकं आम्हाला लवकर कळलं असतं. आता मी तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न विचारते, आणि याचं उत्तर वजनकाट्यावर कळत नाही. डोक्याला मार लागला होता का?”

आठ दिवसांनी बोर्ड होतं. पडल्याचं कबूल केलं तर ते डॉक्टरांच्या कागदावर येणार आणि कागद बोर्डापुढे जाणार. लपवल्याची शिक्षा वेगळी. कबूल केलं नाही तर गोदाम ठरलेलंच. यात काही आकडेमोड त्याने केली का, असं विचारलं तर तो नाही म्हणतो. समोर पिशवी होती आणि आपल्याला फार तहान लागली होती, एवढंच तो सांगतो.

“लागला होता. मार्चमध्ये. क्रेनच्या पायऱ्यांवर.”

“पाच मिनिटं डोळे बंद होते,” मेहुणा कॅलेंडरकडे बघतच म्हणाला. “मी होतो.”

“मार्चमध्ये!” बायको उठून उभी राहिली. “आणि मी चार महिने तुमच्या पोटात जंत शोधतेय! आणि तू? माझ्या ताटात जेवतोस आणि माझ्यापासून लपवतोस?”

“जेवायचं होतं म्हणूनच लपवलं, ताई.”

डॉक्टरबाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. डोक्याच्या मागे मार बसला की कधीकधी मेंदूला आणि त्या ग्रंथीला जोडणारा बारीक देठ दुखावतो, असं त्यांनी सांगितलं. तहान काही दिवसांनी सुरू होते, म्हणून माणूस दोन्हींचा संबंध लावत नाही. “तुम्ही मात्र लावला होता,” त्या म्हणाल्या. बगळ्याने मान हलवली.

दुसरी चाचणी दोन दिवसांनी झाली. खोलीत एक खाट, एक काटा आणि सिस्टर. त्या दिवसभर खुर्चीवरून हलल्या नाहीत. जेवणही तिथेच, आणि स्वतः पाणी प्यायल्या ते दाराबाहेर जाऊन, दुसऱ्या सिस्टरला बसवून. आठ वाजता वजन बहात्तर किलो. दर तासाला अर्धा-अर्धा किलो उतरत गेलं. अकराच्या सुमारास बगळा भिंतीकडे तोंड करून बसला. बाराला त्याने विचारलं, “तुम्ही एवढ्या वर्षांत कधी कोणाला थोडं दिलंय का?”

“नाही.”

“कोणी मागितलं नाही?”

“एकाने फुलदाणीतलं प्यायलं होतं. फुलांसकट टिपला त्याला.”

बोलत ठेवणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. साडेबाराला काटा एकोणसत्तर किलो आठशे ग्रॅमवर आला. मर्यादा गाठली होती. रक्तातलं सोडियम चढलं होतं, तरी लघवी पाण्यासारखीच. म्हणजे सवय नाही. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं. व्हॅसोप्रेसिनच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. मूत्रपिंड बहिरे असतील तर त्याने काही होणार नव्हतं. मग मोजून एक पेला पाणी दिलं. त्या पेल्याची चव विचारू नका, असं बगळा म्हणतो, कारण ती त्याला सांगता येत नाही.

एक तास गेला. दीड तास गेला. बगळा खाटेवर आडवा झाला आणि झोपला. चार महिन्यांत तो सलग इतका वेळ एका जागी पडला नव्हता. सिस्टरांनी त्याला हलवून उठवलं, कारण मोजायचं होतं. भांड्यात कसंबसं चाळीस मिलिलिटर पडलं, रंग गडद पिवळा.

त्याने भांडं उजेडात धरून बघितलं. “हे माझं?”

“नाही, मास्तरांचं,” सिस्टर म्हणाल्या. “पिशवीनंतर आता हेही तुम्ही पळवलंत.”

बगळा हसला, आणि मग थोडा वेळ तोंडावर टॉवेल धरून बसला. सिस्टरांनी वजन लिहून घेतलं.

बोर्डासमोर तो दोन कागद घेऊन गेला. एक डॉक्टरबाईंचं पत्र. दुसरा सिस्टरांनी आखलेला तक्ता, त्यात पहिल्या चाचणीची बाराशे ग्रॅमची तफावत आणि तिचं कारण साध्या शब्दांत. पडणं लपवल्याबद्दल त्याला सहा महिने जमिनीवरचं काम मिळालं. मेहुण्याला लेखी ताकीद. पण त्या पत्रातला ‘कायमची’ हा शब्द गेला. सहा महिन्यांनी, औषध लागू पडत असल्यास, पुन्हा तपासणी.

औषध म्हणजे जिभेखाली विरघळणारी बारीक गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. सिस्टरांनी त्याला जाताना बजावलं की आता तहान लागली तरच प्यायचं. इतके दिवस नळ उघडा होता, आता बंद आहे. सवयीने ओतत राहिलात तर पाणी आतच राहील, रक्त पातळ होईल, डोकं दुखेल, झटकेही येतील. पहिला महिना तो बाटलीवर पेनाने खुणा करून प्यायचा. बायको बाटली बघायची आणि खुणा बघायची.

मास्तरांना त्याने नवी पिशवी नेऊन दिली. मास्तर घरी होते, पाठ बरी होती. सगळी हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“म्हणजे मी खोटी तक्रार केली. पिशवी गळत नव्हती.”

“नाही. मी प्यायलो.”

“चव कशी होती?”

“रबरासारखी.”

“औषध बेचवच असतं. उगाच नाही माझी पाठ बरी झाली,” मास्तर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

जमिनीवरच्या कामाचा चौथा महिना चालू असताना डॉक्टरबाईंचा निरोप आला. त्यांच्या विभागात नव्या चाचणीवर काम सुरू झालं होतं. व्हॅसोप्रेसिन रक्तात फार थोडं असतं आणि पटकन विरतं, त्यामुळे मोजणं अवघड. पण ते तयार होताना त्याच्याबरोबर एक तुकडा सुटतो, त्याचं नाव कोपेप्टिन. तो टिकतो आणि सरळ मोजता येतो. तासन् तास पाणी तोडण्याऐवजी शिरेतून खारं पाणी सोडायचं, रक्त दाट करायचं आणि तो तुकडा किती वाढतो ते बघायचं. दुसरीकडे हे करून बघितलेलं होतं. आपल्याकडच्या रुग्णांवर पडताळायला अशी माणसं हवी होती, ज्यांच्या आजाराबद्दल काही शंका उरलेली नाही.

“एक दिवस गोळ्या बंद कराव्या लागतील,” तो भेटायला गेला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या. काटा सिस्टरही तिथेच होत्या. “तहान परत येईल. खारं पाणी आत जाताना ती आणखी वाढेल. डोकं दुखेल, मळमळेल. दर अर्ध्या तासाला सोडियम तपासू. तुमचा यात काही फायदा नाही. नाही म्हणालात तर मी समजू शकते.”

“बाराशे ग्रॅमच्या त्या कागदाचा तरी तुम्हाला काय फायदा होता?” बगळा सिस्टरांकडे बघून म्हणाला. “कधी यायचं?”

फोरमनने रजा दिली आणि म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं, मीठ आहे?”

यादीत त्याचं नाव पहिलं होतं. सिस्टरांनी शिरेत सुई लावली आणि खाटेखाली वाकून बघितलं.

“काय शोधताय?” त्याने विचारलं.

“पिशवी.”

दोन तास तो पडून होता. पाणी मागितलं नाही. शेवटचं रक्त घेतल्यावर सिस्टरांनी स्वतः गार पाण्याचा जग आणून त्याच्या हातात दिला. तुकड्याचा आकडा जेमतेम हलला होता. ज्यांना फक्त सवय असते, त्यांचा भराभर चढतो. पुढच्या दोन वर्षांत त्या खोलीत साठच्या वर माणसं तपासली गेली. त्यातल्या अकरा जणांच्या कागदावर आधी कुठेतरी ‘सवय’ असं लिहिलेलं होतं.

जुनी चाचणी अजूनही लागते, सगळ्यांनाच खारं पाणी देता येत नाही. तिच्या छापील तक्त्यात आता एक जादा रकाना आहे. बाहेर गेलेलं वजा कमी झालेलं. सिस्टर निवृत्त झाल्या, पण नव्या मुली त्याला बगळ्याचा रकाना म्हणतात. बगळा कोण, हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नाही. आपल्या नावाचा रकाना आहे हे जेव्हा त्याला कळलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं की त्या रकान्यात आकडा आला तर पुढे काय करतात. थांबवतात आणि विचारतात, असं सांगितल्यावर त्याचं समाधान झालं.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी, जमिनीवरचे सहा महिने संपल्यावर, बोर्डाने त्याला पुन्हा तपासलं. एका पायावर उभा राहिला, डोळे मिटून नाकाला बोट लावलं. औषधाबद्दल विचारलं तेव्हा गोळ्यांची डबी दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो क्रेनपाशी आला. हातात अर्ध्या लिटरची एक बाटली.

“दुसरा कॅन?” मेहुण्याने विचारलं.

“नाही.”

“बघा हं. मी मोजणार आहे किती वेळा उतरता ते.”

तो कठड्याला धरून चढला, प्रत्येक पायरीवर पूर्ण पाऊल ठेवत. वर काच पुसली, आकडा शून्यावर आहे ना ते बघितलं, आणि कामाला लागला. अकराच्या सुमारास एक कंटेनर जहाजातून हातभर वर आला आणि त्याने तो तसाच परत खाली टेकवला. कागदावर अठरा टन होते. पडद्यावर चोवीस.

“भाऊजी, काय झालं? उतरताय का?” वॉकीटॉकीवर मेहुणा.

“नाही. कागद चुकलाय. सहा टन जास्त आहेत, कुठून आले ते विचार.”

“पहिल्याच दिवशी? फोरमन ओरडेल.”

“ओरडू दे.”

फोरमन ओरडला. मग कंटेनर उघडला गेला, आत लोखंडी पट्ट्या निघाल्या, आणि तो ओरडायचा थांबला. तासभर काम बंद होतं. बगळा तेवढा वेळ वर केबिनमध्ये हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याला तहान लागली नव्हती. जेवायला तो एकदा उतरला, आणि मग पाळी संपल्यावर. मेहुणा खाली उभा होता. त्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरली. निम्मी भरलेली होती.

“आता घरी काय सांगायचं?” मेहुणा म्हणाला. “पास?”

“सांग की भूक लागलीय,” बगळा म्हणाला. “आणि तूही जेवायला ये.”